ऊन पॅनेलला, सावली बॅटरीला



मी झाशीहून बोलतोय. आत्ता आमच्याकडे वीज आहे, त्यामुळे पंख्याचा थोडा आवाज येईल, तो सांभाळून घ्या. वीज गेली तरी व्याख्यान थांबणार नाही, कारण हा फोन ज्याच्यावर चालू आहे तोच आजचा विषय आहे.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. आमचं घराणं मूळ कोकणातलं. पेशवाईच्या काळात जी मराठी कुटुंबं बुंदेलखंडात आली, त्यांतलं हे एक. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि बाजारात बुंदेली, अशा तीन भाषांत मी वाढलो. नोकरी रेल्वेच्या विद्युत विभागात केली. निवृत्तीनंतर सुट्ट्यांमध्ये गल्लीतली मुलं जमवून त्यांच्याकडून लहानसहान उपकरणं करून घेतो. त्यांत सगळ्यांत जास्त मागणी कशाला असेल, तर मोबाइल चार्ज करणाऱ्या घरगुती सौर चार्जरला. आज तो कसा बनवायचा ते सांगणार आहे. पण आधी एक गोष्ट मनात पक्की करून घ्या, कारण बाकी सगळी रचना तिच्यावर उभी आहे.

ऊन आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सौर पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. बॅटरीला तर दोन्ही नको असतात. झाशीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणं नेहमीचंच आहे. आमच्याकडे ऊन भरपूर आणि उष्णताही भरपूर, आणि ती एकत्रच येतात. चार्जर बनवणाऱ्याचं काम एवढंच, की या दोघांची फारकत करायची.

लोक काय करतात ते सांगतो. बाजारात, ऑनलाइनही, 'सोलर पॉवर बँक' नावाची वस्तू मिळते. जाडजूड पाटीसारखी, मागच्या बाजूला तळहाताएवढं काळं पॅनेल. आमच्या शेजारच्या काकूंनी घेतली होती. दिवसभर गच्चीच्या कठड्यावर ठेवायच्या आणि संध्याकाळी विचारायच्या, "भरली का हो?" महिनाभरात ती मधोमध फुगली आणि तिची शिवण उकलली. काकूंना वाटलं, आपल्याला नकली माल मिळाला. माल कसा होता ते राहू द्या, आपण हिशेब करू.

त्या पाटीवरचं पॅनेल फार तर दीड वॉटचं. झाशीत वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ५ तास पूर्ण ताकदीचं ऊन मिळतं असं धरा. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंतचं कमी-जास्त ऊन एकत्र केलं, तर ते ५ तासांच्या भर दुपारच्या उन्हाएवढं होतं. दीड गुणिले ५, म्हणजे साडेसात वॉट-तास, तेही कागदावर. वाटेतली गळती धरली तर हाती पाच लागतील. आता १०,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे किती? ३.७ व्होल्टने गुणलं की ३७ वॉट-तास. पाचने भागा. एकदा भरायला आठवडा लागेल! आणि तो आठवडाभर बॅटरी उन्हात, काळ्या पॅनेलला पाठ चिकटवून भाजत राहणार. ज्या वस्तूला उन्हात राहायचं आहे ती आणि जिला सावलीत राहायचं आहे ती, अशा दोघी एकाच डब्यात बंद केल्या, तर फुगणं ठरलेलंच.

आता पॅनेलला उष्णता का सोसत नाही ते पाहू.

सिलिकॉनच्या एका सेलमधून साधारण अर्धा व्होल्ट मिळतो. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर सेल झाला, तेव्हा तो पडलेल्या प्रकाशाच्या सुमारे ६ टक्क्यांची वीज करत असे. आज साध्या दुकानातलं बरं पॅनेल त्याच्या तिप्पट करतं. पण एक गुण तेव्हाही होता आणि आजही आहे. सेल तापला की त्याचा व्होल्टेज उतरतो. दर अंशाला साधारण ०.३ टक्के व्होल्टेज जातो आणि एकूण ताकद दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यांनी घटते. पॅनेलच्या मागे चिकटवलेल्या पट्टीवर जे वॉट लिहिलेले असतात, ते सेल २५ अंशांवर असताना मोजलेले. झाशीत मे महिन्याच्या दुपारी २५ अंशांचा सेल कुठून आणणार? हवाच ४५ अंश. तिच्यावर उन्हाने पॅनेल आणखी २५ अंश तापतं. सेल ७० अंशांवर गेला. २५ पासून ७० पर्यंत ४५ अंश, गुणिले ०.४, म्हणजे १८ टक्के ताकद गेली. २० वॉटचं पॅनेल भर दुपारी १६ वॉटचं झालं.

हे तुम्ही स्वतः पाहू शकता. मल्टिमीटर घ्या. मोकळ्या पॅनेलच्या दोन तारांना लावा. १२ व्होल्टचं म्हणून जे पॅनेल विकतात, त्यात ३६ सेल एकामागोमाग जोडलेले असतात आणि काहीच जोडलेलं नसताना त्याचा व्होल्टेज २२ च्या जवळ असतो. भर उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता तो १९ च्या आसपास दिसेल. तेच पॅनेल जानेवारीच्या थंड सकाळी, स्वच्छ उन्हात २३ दाखवेल. माझ्याकडची मुलं हे पाहून चक्रावतात. सूर्य थंडीत जास्त देतो की काय? सूर्य जास्त देत नाही. सेल थंड असतो, एवढंच. हा २३ चा आकडा लक्षात ठेवा, सामान घेताना तो लागणार आहे.

आता बॅटरी. मोबाइलमध्ये, पॉवर बँकेत लिथियम-आयन बॅटरी असते. बहुतेक लिथियम-आयन सेल ० ते ४५ अंश तापमानातच चार्ज करावेत असं ते बनवणारे सांगतात. वापरायला थोडं अधिक तापमान चालतं, भरायला नाही. तापलेल्या बॅटरीत आतल्या द्रवाच्या नको त्या रासायनिक क्रिया सुरू होतात, वायू तयार होतो, ती फुगते, तिची क्षमता कायमची कमी होते आणि वाईटात वाईट म्हणजे आग लागते. म्हणून सांगतो, आमच्याकडे उन्हात ठेवून बॅटरी भरणं हा नुसता नुकसानीचा प्रश्न नाही. ती वस्तू घरात लहान मुलांच्या उशाशी असते.

तेव्हा रचना अशी ठरली. पॅनेल गच्चीवर, बॅटरी घरात, मध्ये लांब तार. ऐकायला सोपं वाटतं, पण इथेच पुष्कळ जणांचं अडतं. व्हिडिओ पाहून ते ६ व्होल्टचं छोटं पॅनेल आणतात, गच्चीवरच ५ व्होल्ट करतात आणि यूएसबीची तार दहा मीटर लांबवून खाली नेतात. खाली फोन चार्जच होत नाही.

का होत नाही? दहा मीटर लांब तार म्हणजे जाताना दहा आणि येताना दहा, वीस मीटर तांबं. नेहमीच्या ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तारेत त्याचा रोध अर्ध्या ओहमच्या जरा खाली येतो. २ अँपिअर प्रवाह नेला की जवळपास १ व्होल्ट तारेतच खर्च होतो. पाचातला एक गेला, चार उरले. फोन म्हणतो, हे मला चालत नाही. पण तीच ताकद १८ व्होल्टवर खाली आणली तर प्रवाह पाऊण अँपिअरपेक्षाही कमी लागतो आणि तारेत जातो फक्त ०.३ व्होल्ट. अठरातले ०.३ गेले तर बिघडलं कुठे? म्हणून पॅनेल मोठ्या व्होल्टेजचं घ्यायचं, तार लांब ठेवायची आणि ५ व्होल्ट करायचे ते खाली, बॅटरीच्या शेजारी. आमच्या रेल्वेतही विजेचा हाच न्याय. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, इंजिनात आल्यावर ते उतरवले जातात.

आता सामान सांगतो, लिहून घ्या.

पहिलं, २० वॉटचं, '१२ व्होल्ट' म्हणून मिळणारं ३६ सेलचं पॅनेल. काचेचं आणि अॅल्युमिनियमच्या चौकटीचं घ्या. घडीचं, कापडी पॅनेल आमच्या उन्हात फार टिकत नाही.

दुसरं, दोन पदरी ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, गच्चीपासून खोलीपर्यंत पुरेल एवढी.

तिसरं, गाडीतला मोबाइल चार्जर आणि तो ज्यात खोचतात ते सॉकेट. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात दोन्ही मिळतं. चार्जरवर '१२–२४ व्होल्ट' असं छापलेलं हवंच. फक्त १२ व्होल्टचा घेऊ नका. मघाशी २३ चा आकडा लक्षात ठेवायला सांगितला, तो यासाठी. थंड सकाळी पॅनेल २३ व्होल्ट देतं आणि कमी क्षमतेच्या चार्जरमधला कपॅसिटर फुटतो. ट्रकमध्ये चालणारा चार्जर हे सहज सोसतो. दुसरी अट, चार्जर साधा हवा, ५ व्होल्ट २ अँपिअरचा. 'फास्ट चार्जिंग'वाला नको. तो फोनशी किंवा पॉवर बँकेशी परस्पर बोलणी करून १८ वॉट मागायला लागतो. दुपारी आपल्या पॅनेलकडे १६ च आहेत. मग पॅनेल कोलमडतं, चार्जर बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद. रात्रीपर्यंत नुसती उघडझाप.

चौथं, चांगल्या कंपनीची १०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक, भारतीय मानक ब्युरोची नोंदणी असलेली. तिच्यावर ब्युरोचा नोंदणी क्रमांक शोधा. तिच्यावर पॅनेल नको, दिवे नकोत, साधी हवी.

इथे मुलं नेहमी नाराज होतात. म्हणतात, काका, मग आपण काय बनवलं? बॅटरी तर विकतचीच! माझं उत्तर ठरलेलं आहे. बॅटरी घरी बनवायची नाही. जास्त भरली तर तोडणारं, जास्त उतरली तर तोडणारं, तारा एकमेकींना लागल्या तर तोडणारं संरक्षण चांगल्या पॉवर बँकेत आधीच असतं. टीपी ४०५६ नावाची चार्जिंगची छोटी पाटी स्वस्तात मिळते आणि अनेक व्हिडिओंत वापरलेली दिसते. त्या चिपला तापमान कळण्यासाठी एक पाय दिलेला आहे. पण बाजारात मिळणाऱ्या तयार पाटीवर तो पाय बहुतेक वेळा जमिनीला जोडून टाकलेला असतो, म्हणजे तापमानाची राखण बंद. थंड देशात ते खपून जाईल, झाशीत खपणार नाही. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल, ज्यांचं वय माहीत नाही, अवस्था माहीत नाही, ते आणून जोडत बसू नका. फुगलेली किंवा जुनी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. जिथे जुन्या बॅटऱ्या घेतात तिथे नेऊन द्या.

जोडणी अर्ध्या तासाची आहे. पॅनेलच्या मागच्या डबीतून येणारी धन तार सॉकेटच्या मधल्या टोकाला आणि ऋण तार कडेच्या धातूला जोडा. चार्जर खोचण्याआधी मल्टिमीटरने धन-ऋण तपासा. उलटं जोडलं तर चार्जर जागच्या जागी संपतो. जोड डाग देऊन पक्का करा आणि वरून आवरण चढवा. मग चार्जर खोचा, पॉवर बँकेची तार लावा, झालं. कुणी विचारतं, रात्री बॅटरीतली वीज उलटी पॅनेलमध्ये जाणार नाही का, डायोड नको का? या रचनेत नको, कारण पॉवर बँक आपल्या भरण्याच्या तोंडातून वीज परत सोडत नाही. कुणी विचारतं, पॅनेलच्या तारा चुकून एकमेकींना लागल्या तर? २० वॉटचं पॅनेल सव्वा अँपिअरच्या आसपासच थांबतं. पॅनेलला काही होत नाही, फक्त चार्जिंग थांबतं. तेच मोटारसायकलची बॅटरी वापरलीत तर तारा लाल होतील. तिथे बॅटरीच्या धन टोकाशेजारी फ्यूज लागतोच.

पॅनेल बसवताना तीन गोष्टी पाहा.

एक, मागून हवा खेळू द्या. पॅनेल सपाट गच्चीवर टेकवून ठेवलं तर खालचा सिमेंटही त्याला भाजतो. चौकटीखाली विटा लावून वीतभर जागा सोडा. वाऱ्याने जेवढे अंश उतरतील तेवढी वीज तुमची.

दोन, दिशा आणि उतार. तोंड दक्षिणेला. झाशी साधारण साडेपंचवीस अक्षांशावर आहे, म्हणून एकदाच बसवून विसरायचं असेल तर उतार २५ अंशांचा. जूनमध्ये दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, डिसेंबरमध्ये तो दक्षिणेला क्षितिजापासून ४१ अंशांवर उतरलेला असतो. ज्याला हौस आहे त्याने उन्हाळ्यात पॅनेल जवळपास आडवं करावं आणि थंडीत अधिक उभं. मुंबई-पुण्याकडच्या मंडळींनी उतार १८–१९ अंश ठेवावा.

तीन, सावली. ३६ सेल एकामागोमाग जोडलेले आहेत, एका साखळीच्या कड्यांसारखे. एकाच सेलवर हात ठेवून पाहा, सगळ्या पॅनेलचा प्रवाह कोसळतो. वाळत घातलेल्या धोतराचं टोक, डिश अँटेनाची काठी, पिंपळाचं एक चिकटलेलं पान, एवढंही पुरतं. धुळीचंही तसंच. मे-जूनमध्ये आमच्याकडे आंधी येते. दुसऱ्या दिवशी पॅनेलवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ असते. सकाळी काच थंड असताना ओल्या फडक्याने पुसा. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. आणि पॅनेल घट्ट बांधा. आंधी आहे, वर आमच्याकडे माकडंही आहेत.

खाली खोलीत पॉवर बँक कुठे ठेवायची? फरशीवर, भिंतीच्या कडेला, उन्हाची तिरीप येणार नाही अशी. गादीवर नको, कापडात गुंडाळून नको, फ्रिजवर नको. जुन्या शहरात जाड चुनेगच्ची भिंतींची घरं आहेत, तिथे दुपारी आत बरंच गार असतं. पत्र्याच्या किंवा एकेरी छताच्या खोलीत मे महिन्यात आतच चाळीस अंश होतात. भरताना बॅटरी स्वतःही थोडी तापते, म्हणजे ४५ ची मर्यादा फार दूर राहत नाही. मत्स्यालयासाठी तारेच्या टोकावरचा छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो. त्याचं टोक पॉवर बँकेला चिकटवा. ४२ दिसले की काढून ठेवा आणि सकाळी सहा ते अकरात भरा. सकाळचं ऊन कमी असलं तरी पॅनेल थंड असतं, बॅटरीही थंड असते.

आता पदरात किती पडतं ते पाहू. आपण पॉवर बँकेत १० वॉटच्या वेगाने भरतोय. साडेनऊ ते अडीच स्वच्छ ऊन मिळालं तरी ३७ वॉट-तासांची बॅटरी भरून होते. तिच्यातून बाहेर काढताना थोडी गळती होते, ३१–३२ वॉट-तास हाती येतात. आजच्या स्मार्टफोनची ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-तास. म्हणजे एक स्मार्टफोन रिकाम्यापासून पूर्ण, शिवाय एक साधा बटणांचा फोन आणि संध्याकाळी दोन तास छोटा एलईडी दिवा. लॅपटॉप नाही, पंखा नाही. ज्याला पंखा हवा आहे त्याने हे बनवू नये, त्याचं सामान वेगळं.

आणि पैसे किती वाचतात? इथे मी कुणाची फसवणूक करणार नाही. एक युनिट म्हणजे १,००० वॉट-तास. आपण दिवसाला फार तर ४० वॉट-तास भरतो. वर्षाचे झाले १४–१५ युनिट. विजेच्या बिलात वर्षाला शंभराच्या आसपास रुपये वाचले. सामानाला अडीच-तीन हजार गेले. पंचवीस-तीस वर्षांनी फिटतील, तोवर पॉवर बँक पाच-सहा वेळा बदलावी लागेल! बिल वाचवायला हे बनवायचं नसतं. हे बनवायचं ते वीज नसते त्या वेळेसाठी.

ती वेळ कुणावर येते ते सांगतो. बुंदेलखंडात 'अन्ना प्रथा' आहे. दूध आटलेली, चारा परवडत नाही अशी गुरं लोक मोकाट सोडून देतात. ती कळपाने फिरतात आणि रात्रीतून उभं पीक साफ करतात. म्हणून इथला शेतकरी रब्बीच्या थंडीत शेतात मचाण बांधून रात्र काढतो. हातात काठी, बॅटरी आणि फोन. शेजारच्या शेतात कळप शिरला तर फोन करायचा, घरी कुणी आजारी असेल तर फोन यायचा, साप-विंचू असला तर दिवा हवा. फोन मेला की माणूस त्या अंधारात एकटा. पंपाला वीज असली तर असते, नसली तर नसते, आणि मचाणावर तर कधीच नसते.

मऊरानीपूरच्या बाजूच्या एका शेतकऱ्याने माझ्याकडून हा चार्जर बनवून नेला. थंडीत उत्तम चालला. उन्हाळ्यात मुगाच्या राखणीला तो शेतात राहायला लागला, तेव्हा त्याने विचारलं, "भैयाजी, खेतात सावलीची खोली कुठून आणू?" आणि उत्तरही त्यानेच शोधलं. कोरा, कोरडा माठ. आंब्याच्या सावलीत अर्धा जमिनीत पुरलेला, तोंडावर विरळ फडकं, आत विटेच्या तुकड्यावर पॉवर बँक आणि चार्जर, बाहेर फक्त तार. पॅनेल वीस पावलांवर उन्हात. मी दुपारी जाऊन त्या माठात हात घातला, बाहेरची आणि आतली हवा यांतला फरक लगेच कळला. पावसाळ्याआधी माठ काढून घ्यायचा, एवढं मी त्याला बजावलं. पाणी आणि बॅटरी यांचंही जमत नाही. माझ्या मते ही आमच्या चार्जरमधली सगळ्यांत चांगली सुधारणा आहे, आणि ती विद्युत विभागात तीस वर्षं काढलेल्या माणसाने केलेली नाही.

एक अडचण सांगायची राहिली, धुक्याची. डिसेंबर-जानेवारीत इथे असे दिवस येतात की दुपारपर्यंत सूर्य दिसत नाही. पॅनेल तेव्हा नावाला चालतं. यावर युक्ती नाही, फक्त तयारी आहे. ऊन असेल त्या दिवशी पॉवर बँक पूर्ण भरून ठेवा आणि धुक्याच्या दिवसांत फोन बोलण्यापुरता वापरा. नाहीतर दुसरी पॉवर बँक जवळ ठेवा. पॅनेल वाढवून धुकं हटत नाही.

कुणाला वाटेल, दहा रुपयांच्या कामासाठी एवढा खटाटोप कशाला, तयार आणावं. मी तयार वस्तूंच्या विरोधात नाही. पण आयआयटी मुंबईने २०१४ च्या सुमारास शाळकरी मुलांसाठी सौर दिव्यांचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी यांच्या पुढाकाराने. लक्ष्य दहा लाख दिव्यांचं होतं. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान अशा राज्यांतल्या गावांत ते दिवे पोचले. त्यांनी दिवे कारखान्यात तयार करून गाडीने पाठवले नाहीत. सुटे भाग पाठवले, गावातल्या लोकांना जोडायला शिकवलं आणि दुरुस्तीही तिथेच होईल अशी सोय केली. कारण उघड आहे. ज्याने वस्तू जोडली त्याला ती उघडता येते. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तिथेही मुलं कामातूनच शिकतात.

आमच्या काकूंचंच पाहा. फुगलेली पॉवर बँक टाकून दिली आणि 'सौर म्हणजे फसवणूक' असं त्यांनी ठरवून टाकलं. मी त्यांना दोन तारा, एक पॅनेल आणि मल्टिमीटर देऊन गच्चीवर बसवलं. सकाळी सात वाजता त्यांनी आकडा लिहिला, दुपारी दोनला पुन्हा लिहिला. दुपारचा आकडा कमी पाहून म्हणाल्या, "अगंबाई, याला पण ऊन बाधतं!" मी म्हटलं, ऊन नाही, उष्णता. त्यानंतर त्यांनी पॅनेलखाली विटा स्वतः लावल्या. आता त्यांच्या घरी चार्जर आहे, पॉवर बँक देवघराच्या कोनाड्यात असते. ती घरातली सगळ्यांत गार जागा आहे, हे त्यांना माझ्याआधीपासून माहीत होतं.

तर मंडळी, उद्या लगेच सामान आणायला जाऊ नका. आधी घरात फिरून दोन जागा शोधा. एक, जिथे सकाळी नऊ ते तीन एकही सावली पडत नाही. दुसरी, जिथे दुपारी दोन वाजता सगळ्यांत गार असतं. दोघींमधलं अंतर दोरीने मोजा. ते दहा मीटरपर्यंत असेल तर मी सांगितलेली तार पुरेल, वीस असेल तर एक चौरस मिलिमीटरची घ्या. हे ठरल्यावर बाजारात जा.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि हो, वीज मध्येच गेली होती, पंख्याचा आवाज थांबला तेव्हा तुमच्या लक्षात आलं असेल. फोन सुरूच राहिला.